सादिकच्या पानावरचा आठ

शुक्रवार, संध्याकाळी सात

खेळ संपून तासभर झाला, तरी तो आठ डोक्यातून जात नाही. सादिक इचलकरंजीला यंत्रमाग चालवतो. सुट्टी असली की एसटीनं येतो, मी बनवलेला फाशांचा खेळ खेळायला. त्यात प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, आणि त्या पात्राची कौशल्यं कागदावर आकड्यांत लिहिलेली असतात. म्हणून त्याच्या पात्राच्या पानावर मी मुद्दाम 'यंत्रकाम: आठ' असं शाईनं लिहिलं. सर्वांत मोठा आकडा. त्याला बरं वाटेल, असं वाटलं.

त्यानं तो एकदाही वापरला नाही. खेळात समोर किल्ल्याचं अवघड कुलूप होतं, तर हा पहारेकऱ्याला गाणं ऐकवायला निघाला. गायन शून्य. पात्र थेट तुरुंगात.

"लेका, यंत्रकाम आठ हाय की तुझं."

"आठवडाभर तेच करतोय. हितं पण तेच करू व्हय?"

हसला. पण जाताना पुढच्या शुक्रवारचं काही बोलला नाही. नेहमी बोलतो.

कौशल्यांच्या यादीवर मी तीन महिने घालवले आणि कुणाला काय व्हायचंय, हे विचारलंच नाही? आता त्याच्यासाठी नवं पान आखलंय, चौकटी रिकाम्या ठेवल्यात. आला तर तो भरेल. आला तर.

मग माझ्या पात्राचं पान काढलं. पहिल्याच चौकटीत 'बारकाईनं तपासणे: आठ'. ऑफिसातही आठवडाभर माझं तेच काम. तेही शाईनं.