तनूचा गोवर

४ मार्च, रोहा
वरसे गावात बायकांची पोषणाची बैठक. अ जीवनसत्त्व समजावलं. ते कमी पडलं की डोळ्याचं, नाका-घशाचं आतलं अस्तर सुकतं, जंतूंना वाट मोकळी होते. लोह, जस्त नसेल तर अंगात लढायचं बळ उरत नाही. अंडं, शेवग्याचा पाला, पपई, मासळी. एक आजी म्हणाली, "बाय, तू ह्यातला कायच खात नाय वाटतं!" सगळ्या हसल्या. मीही. बरं वाटलं.

७ मार्च, पेण
घरी आले तर भाचीच्या, तनूच्या, अंगभर गोवर. दादा-वहिनी संक्रांतीपासून धरमतरकडच्या मिठागरावर झोपडीत, पोर त्यांच्यासोबत; ताप आला म्हणून तिला घेऊन परतले. लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस गावच्या अंगणवाडीत. दोन्ही हुकले. घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझ्याच घरात हे!

आई गोवर म्हणत नाही, 'बाया आल्यात' म्हणते, म्हणजे देवी. दाराला कडुनिंब. मासळी बंद, अंडं बंद, फोडणीसुद्धा बंद. पोरीला नुसती पेज.

८ मार्च
रोह्याला महिला दिनाचा कार्यक्रम. गेले नाही.
आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना डोस घेऊन घरी आणलं. गोवरात तो लगेच द्यायला हवा, नाहीतर डोळ्यांवर बेततं. आईनं उंबरा ओलांडू दिला नाही. "बाया घरात हायत. बोळवण झाल्याबिगर औषध नाय." मी ओरडले. आई शांतपणे, "शिकवली ती आमच्यावर वराडायला काय गो?"
वहिनी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. सिस्टर बाहेरूनच परतल्या.

१० मार्च
दादानं बाजारातून डबा आणला. रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर. डब्यावर गुटगुटीत मूल. लेबल वाचलं, पहिलाच घटक साखर. आई दोन चमचे पाण्यात कालवून प्रेमानं पाजते.
"हे चालतं?"
"ही पावडर हाय. औषध थोडीच हाय?"
एवढ्या पैशांत किती अंडी... जाऊ दे.

१५ मार्च
मंगळवारी करायची म्हणून अडलेली बोळवण आज झाली. दहीभात बांधावर ठेवून बायांना निरोप. आई खूश, पुरळही मावळलं.
संध्याकाळी तनू अंगणातून आत येताना हंड्यावर आदळली. मग ताटात भात चाचपडत होती. वहिनी म्हणाली, "खेलतंय ती." खेळत नव्हती. मला कळलं. रातांधळेपणा.

१६ मार्च
उजाडताच तिला उचललं, कुणाला विचारलं नाही. वहिनी मागून चपला हातात घेऊन धावत आली. डॉ.नी डोस दिला, उद्या परत, पुढे आणखी एक. "अंधारातलं दिसणं बहुतेक परत येईल. डाव्या बुबुळावर डाग आहे, त्याचं आत्ताच सांगता येत नाही."

१९ मार्च
आई शेजारणीला सांगत होती, "त्या पावडरीनं पोर उठून बसली." मी ऐकलं. दादानं दुसरा डबा आणलाय. आज आईनं अंडंही उकडलं, माझ्याकडे न बघता. तिच्याशी बोलावंसं वाटत नाही. रोह्याला पुन्हा बैठक आहे, तिथं कुठल्या तोंडानं उभी राहू?

दिवेलागण. दिवा मुद्दाम लावला नाही, तनूला दिसतंय का ते बघायचं होतं. वहिनी परसदारी उभी, तिनं हळूच हाक मारली, "तनू, हिकडं ये गो." वाटेत तोच हंडा. आईनं माझा हात घट्ट धरला. सोडवून घेतला नाही.
तनू उठली.