क्वार्ट्झवरची खूण

मी, जयंती श्रीकांत राजाध्यक्ष, वय एकाहत्तर, निवृत्त संशोधक, राहणार पंतनगर, घाटकोपर (पूर्व). माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची झडप तेवढी बिघडली आहे. सोमवारी ऑपरेशन. म्हणून घाईने, पण कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतल्या ठेवी माझी भाची गार्गी हिला. सोसायटीच्या सेक्रेटरींना बाल्कनीतल्या कुंड्यांना हात लावू देऊ नये. माझा कढीपत्ता त्यांनीच छाटला.

२. भांडी, पितळी धरून, घर सांभाळणाऱ्या शेवंतीला. हवी ती आधी तिने निवडावीत, उरलेली गार्गीला.

३. कपाटातला क्वार्ट्झ स्फटिक मी स्वतः विकत घेतलेला आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर दोन लेसर टाकले की तिसरा प्रकाश निघतो. वरच्या थरातले रेणू हवेकडे तोंड करून आहेत की पाण्याकडे, हे त्याच्या फेजवरून, म्हणजे त्याची लहर चढती आहे की उतरती यावरून, कळतं. त्यासाठी तो या स्फटिकातून निघणाऱ्या प्रकाशाशी ताडून पाहावा लागतो. स्फटिक उलट्या दिशेने बसला तर उत्तरही उलटं. दिशा कळावी म्हणून मी कडेला नेलपॉलिशची खूण केली होती. माझे सहकारी नंदकुमार कर्णिक भर सभेत म्हणाले, "बाई, खूणच चुकीच्या बाजूला आहे." आमच्या शोधनिबंधावरून त्यांनी स्वतःचं नाव काढून घेतलं. तेव्हापासून अबोला. मला त्यांचा राग आहेच, पण ते बरोबर असतील याची धास्ती जास्त आहे.

गार्गी म्हणते, "आत्या, रेणू वर बघतायत की खाली, कोणाला काय फरक पडतो गं?" मला पडतो. डोळ्याला डोळा लागत नाही.

४. स्फटिक नंदकुमारना, असं आधी लिहिलं होतं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका. खोडलं. साक्षीदार म्हणून बोलावलं नसतं तर ते या घरात आलेच नसते. तेव्हा स्फटिक आज, हयातीतच, त्यांच्या हातात देत आहे. ज्यातल्या रेणूंची दिशा पक्की ठाऊक आहे अशा थरावर आधी तो तपासावा, मग पाणी मोजावं. उत्तर मला मेल्यावर नको. सोमवारच्या आत सांगावं. मी चुकले असेन तर तसंच सांगावं, गुळमुळीत बोलू नये.

घाटकोपर, १५ नोव्हेंबर २०२५
सही: जयंती राजाध्यक्ष

आमच्यासमक्ष सही झाली:
१. शिवदास गुप्ते, शेजारी
२. नंदकुमार कर्णिक

(खाली, साक्षीदार क्र. २ यांच्या हस्ताक्षरात)
जयंतीबाई, स्फटिक मिळाला. उद्या रविवार असला तरी लॅब उघडून घेतो. सभेत मी बोललो खरा, पण ती खूण तपासून पाहिली नव्हती. — नं. क.