परसातल्या दोन खोल्या

अण्णा, परसात दोन खोल्या बांधल्या. फणसाच्या अलीकडे, तुम्ही पेंढा रचायचात तिथेच. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आत कमोड आणि नळाला गरम पाणी. तुम्हाला विचारलं नाही, आणि खरं सांगू, तुम्ही असतात तर नाहीच म्हणाला असतात. दादाचं लग्न झालं त्या वर्षी त्याने मागे एक खोली काढू का म्हणून विचारलं होतं, आठवतं? तुम्ही ओटीवर सुपारी कातरताय, मी चहा घेऊन उंबऱ्यात उभी आहे. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "मागच्या दारी दुसरी चूल मला नको. मी असेपर्यंत हे घर फुटायचं नाही." अहो, त्याला चूल कुठे हवी होती? नव्या बायकोला घेऊन दार लावून झोपायला जागा हवी होती. पण हे तुमच्यापुढे बोलणार कोण! तो चहा न घेताच उठला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला.

घर फुटलं नाही, पण दादा पाहुणा झाला. अलीकडे तर गणपतीला येऊन आरे-वारेच्या रस्त्याला लॉजवर उतरायचा. त्याच्या गुडघ्यांना खाली बसवत नाही, वहिनीला माजघरात दहा जणांत झोपणं जिवावर येतं. रिक्षाने आरतीला यायचं, प्रसाद घ्यायचा, रिक्षाने परत. सख्खा भाऊ स्वतःच्या घरातून निघायची घाई करतो हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शाळेतून निवृत्त झाले आणि पहिलं काम हे काढलं. यंदा दादा घरी झोपला पाहिजे, बस्स.

त्यातही घोळ झालाच. मी दोन दिवस गुहागरला मावशीकडे गेले, तेवढ्यात गवंड्याने कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा बांधला आणि हौसेने फोटो पाठवला. मी चष्मा न लावता तो कौतुकाने दादाला पुढे ढकलला. तासाभरात त्याचा फोन. "आम्हाला वेगळं काढलंस का गं?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परत येऊन गवंड्याला फैलावर घेतलं, तर तो शांतपणे म्हणतो, बाय, ओट्याशिवाय कसलं घर? त्याचं तरी काय चुकलं, आपल्याकडे परसात घर बांधतात ते वेगळे निघालेलेच. मी पहार घेतली आणि या वयात तो ओटा स्वतःच्या हाताने फोडला. त्याचाही फोटो पाठवला. दादा म्हणाला, राहू दे, आम्ही लॉजवरच बरे. मग मात्र माझा धीर सुटला आणि मी म्हणाले, "अण्णांनीच जाताना सांगितलं होतं, दादाला मागे खोली बांधून दे."

त्याने हळूच विचारलं, "माझं नाव घेऊन म्हणाले?" मी हो म्हटलं.

आणि आला, अण्णा! वहिनी, दोन्ही मुलं, सुना, सगळ्यांना घेऊन आला. आज पाचवा दिवस. खोल्यांत नुसतं झोपायचं, चहापासून जेवणापर्यंत सगळं आपल्याच स्वयंपाकघरात. वहिनी माझ्याशेजारी मोदक वळते आणि माझ्या कळ्या मोजून नावं ठेवते. दादा पहिल्या रात्रीपासून असा घोरतोय की शेजारीण विचारून गेली, कोण आलंय म्हणून. मी छाती काढून सांगितलं, आमचा दादा आलाय, घरी राहायला.

हे लिहून तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण आल्यापासून तो फोटो रोज सकाळी दादाच पुसतो. काल पुसता पुसता म्हणाला, म्हणजे अण्णांचा माझ्यावर राग नव्हता. म्हणून हा कागद आता फाडून टाकणार आहे. शेवटच्या दिवसांत तुम्ही पेजेशिवाय काही मागितलं नाहीत, दादाचं नाव तर नाहीच नाही. मी तुमच्या नावावर खोटं बोलले, अण्णा, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.