कोर्टात सांगितलेलं नातं

जानेफळ, ता. ४ जून १९३१

तीर्थरूप महादेवदादास,
धाकट्या सुभद्रेचा साष्टांग नमस्कार वि. वि. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. वहिनींचा गुडघा कसा आहे ते तुम्ही दोन पत्रांत लिहिलं नाही. दुकानातल्या गुळाचा भाव मात्र दोन्हींत लिहिलात.

चार दिवसांमागे मेहकरच्या कोर्टाचा बेलीफ आला आणि भर गावादेखत घराला जप्ती लावून गेला. मी मळ्यातून वांग्यांची पाटी घेऊन आले तर दारावर कागद. वाटलं, चुकून आपल्या दारी आला असेल. मग पुंजाजीचं तोंड पाहिलं आणि समजले.

माझ्याकडे यायच्या आधी यांनी दुसरबीडला एका आमराईचा ठेका घेतला होता. पैसा मोतीराम शेठचा. गारपीट झाली, कैऱ्यांचा सडा पडला आणि हे गाव सोडून निघाले. त्या कर्जाचा कोर्टाचा हुकूमनामा आता व्याजासकट सातशेचा झाला आहे. सहा वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. काऊन नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, “सांगतलं असतं तं तू मले मळ्यावरच ठेवलं असतं, घरात घेतलं नसतं.” दादा, हे खरं आहे, म्हणून तर जास्त राग आला. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मीठ मागितलं, तेव्हा बोलावंच लागलं.

शेठ म्हणतो, पडवी पुंजाजीनं बांधली, टिनं पुंजाजीनं टाकली, तर घरही त्याचंच. माझं डोकं चालत नाही. कोणा शहाण्या वकिलाला विचारून कळवा.
आपली,
सुभद्रा

धामणगाव बढे, ता. १३ जून १९३१

चि. गं. भा. सुभद्राबाई हीस महादेवचे अनेक आशीर्वाद. वर गं. भा. लिहिताना हात अडला. पुंजाजी तुझ्या घरात आल्यापासून मी तुला सौ. लिहीत आलो. पाट लावून पुन्हा लग्न झालं नाही तरी भावानं मानलं, एवढंच त्यात होतं. पण वकील म्हणाले, अशी पत्रं कोर्टात गेली तर तुमच्याच हातानं बहिणीचं घर जाईल. तेव्हा माझी जुनी पत्रं आजच चुलीत घाल.

नीट समजून घे. घर कै. रामरावांचं. तू त्यांची विधवा म्हणून ते तुझ्याकडे आहे. पुंजाजी नवरा आहे, आमचा पाट लागला, असं म्हणालीस तर कायद्यानं घर तुझ्या दिराकडे, रंगरावाकडे जाईल. तो त्याच दिवसाची वाट पाहतो आहे. म्हणून तर तुम्ही पाट लावला नाही. आणि पुंजाजी घरातलाच माणूस आहे, दोघांनी मिळून घर केलं, असं म्हणालीस तर शेठ लिलाव करील. इकडे आड, तिकडे विहीर. मधून एकच वाट आहे. पुंजाजी गडी आहे, आणि पडवी त्यानं तुझ्या पैशानं, तुझ्या हुकमानं बांधली, असं सांगायचं.

पहिल्या वर्षी तो खरंच तुझ्या मळ्यावर गडी होता ना? मग हे अगदीच खोटं नाही, शिळं खरं आहे. तुझी वहिनी शालू हे ऐकून माझ्यावर चिडली आणि तेव्हापासून बोलत नाही. गुडघा मात्र बरा आहे.
तुझा दादा,
महादेव

जानेफळ, ता. २२ जून १९३१

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार. पत्रं जाळली. वहिनींनी लाडू पाठवले होते तेव्हाचं एक बाजूला काढलं होतं. यांनी तेही माझ्या हातातून घेऊन चुलीत घातलं.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. मला वाटलं चिडतील. पण ते उठले, वळकटी उचलली आणि मळ्यातल्या खोपीत झोपायला गेले. म्हणाले, गावानं आतापासून पाहिलं पाहिजे. जेवायला येतात ते ओसरीवर बसतात. मी आत, ते बाहेर. परवा विमलबाईनं पाणी भरताना हसून विचारलं, काय बाई, मालक रुसले का? मी घागर उचलून घरी आले.

माझ्या पाटल्या मोडल्या तरी शंभराच्या वर येत नाहीत. शेठ सगळे एकदम मागतो. कोर्टात मला हे बोलता येईल असं वाटत नाही. तारखेला तुम्ही या.
सुभद्रा

जानेफळ, ता. १९ जुलै १९३१

तीर्थरूप दादास नमस्कार. नळगंगेला पूर होता हे समजलं, तुम्ही आला नाहीत याचा राग नाही. बरंच झालं. तुमच्यासमोर मला बोलता आलं नसतं.

रंगराव मागच्या बाकावर येऊन बसला होता. शेठच्या वकिलानं विचारलं, पुंजाजी तुझा कोण? मी म्हटलं, “गडी हाय माह्या मळ्यावरचा.” त्यानं विचारलं, जेवतो कुठं? म्हटलं, ओसरीवर. ताट? वेगळं. आजारी पडला तर कोण पाहतं? यावर मी थांबले, दादा. मागच्या वर्षी ते तापानं फणफणले होते तेव्हा मी सतरा दिवस अंथरुणाशेजारून उठले नव्हते. मी म्हटलं, ज्याचं त्यानं पाहावं.

मग त्यांना उभं केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “बाई खरं सांगते. मालकीण हाय माही,” असं म्हणाले. मला अडखळायला झालं, त्यांना काहीच झालं नाही.

घर सुटलं. पुंजाजीच्या नावावर काही नाही असं ठरलं, तेव्हा शेठनं तुरुंगातल्या खाण्याचा भत्ता स्वतः भरून, कर्जापायी त्यांना धरायचा हुकूम घेतला. आठ दिवसांत बुलढाण्याच्या तुरुंगात नेलं. घरी येऊन सदरा बदलायलाही सवड दिली नाही. गड्यासाठी मालकीण काय म्हणणार?
सुभद्रा

धामणगाव बढे, ता. २७ जुलै १९३१

चि. गं. भा. सुभद्रेस आशीर्वाद. घर सुटलं याचा आनंद मानता येत नाही. सल्ला माझा होता, हे मी विसरणार नाही.

वकिलांना पुन्हा भेटलो. सहा महिन्यांच्या आत पुंजाजी सुटेल, पण देणं सुटत नाही. हुकूमनामा बारा वर्षं जिवंत राहतो. तो ज्या घरात राहील तिथली भांडीकुंडी, बैल, धान्य यांवर शेठ पुन्हा जप्ती आणील, आणि दर वेळी ते तुझं आहे हे तुलाच शाबीत करावं लागेल. म्हणून त्याला घरी घेऊ नकोस, असं ते सांगतात. मी फक्त कळवतो आहे. शालू म्हणते, दिवाळीपर्यंत इकडे येऊन राहा. मीही तेच म्हणतो.
तुझा,
महादेव

जानेफळ, ता. १४ ऑगस्ट १९३१

तीर्थरूप महादेवदादास, सुभद्रेचा साष्टांग नमस्कार वि. वि. मंगळवारी सर्व्हिस मोटारीनं बुलढाण्याला जाऊन आले. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि धुतलेला सदरा नेला होता.

दारावरचा शिपाई भला माणूस होता. तुम्ही त्याच्या कोण, असं त्यानं विचारलं. मला तुरुंगाच्या दारात खरं बोलावंसं फार वाटलं. पण तोही लिहून घेत होता. मी म्हटलं, मालकीण. त्यानं गाठोडं आत नेलं आणि थोड्या वेळानं तसंच परत आणलं. नुसता सदरा ठेवून घेतला होता. निरोप सांगताना शिपाई खाली पाहत होता. “त्या बाईले म्हना, गड्यासाठी मालकीण एवढ्या दूर भाकर घेऊन येत नाही. कोनी पाह्यलं तं कोर्टात पुन्हा इचारतीन. घर सांभाळ म्हना, अन् पुन्हा येऊ नको.” सुटल्यावर ते खानदेशाकडे जाणार आहेत. कोणत्या गावी, ते सांगितलं नाही. मी विचारून पाठवलं, तरी सांगितलं नाही.

वहिनींना सांगा, बोलावलंत यात सगळं आलं. पण मला येता येत नाही. चार दिवस दार बंद दिसलं तर रंगराव आपलं कुलूप लावील. दोनदा येऊन पडवी पाहून गेला आहे. ज्या घरासाठी त्यांना परकं म्हटलं, ते आता सोडताही येत नाही. रोज झाडते, सारवते, दिवा लावते. एका माणसाला इतकं घर लागत नाही.

आपला लोभ आहे तो असू द्यावा. तो तरी मला कुठे नाकारावा लागलेला नाही.
आपली,
सुभद्रा