उसना दिलेला खोकला

मोताळा. शुक्रवार, दिवेलागणीची वेळ.

धाकटी जाऊ आज दवाखान्यात जाऊन आली. खोटं काऊन लिहू? जळते मी तिच्यावर.

तिचं नुसतं डोकं दुखलं तरी ती नवी चप्पल घालून निघते आणि खुशाल डॉक्टरसमोर बसते. मी त्या गल्लीतूनही जात नाही. बीटी कपाशीवर फवारताना यांना विषबाधा झाली होती. सलाईनचे पैसे कापूस विकून देऊ, असं मीच डॉक्टरला म्हटलं होतं. कापूस बोंडअळीनं खाल्ला. आता कोणत्या तोंडानं जाऊ?

म्हणून सकाळी तिलाच गळ घातली. "रोहिणी, माहा खोकला तुहा म्हणून सांगजो. तीन महिने झाले म्हन, रातच्याले घाम येते म्हन. अन् गोया आनजो."

ती हसतच परतली, गोळ्यांशिवाय. दारात चप्पल काढत म्हणाली, "बाई, काहीच नाही हो! नळी लावून तपासलं. छाती एकदम साफ हाय म्हणे. गोया कायले पाहिजेत?"

खोकला तिनं माझाच सांगितला, अगदी घामासकट. पण नळी लागली तिच्या छातीला. हे सकाळी दोघींपैकी एकीच्याही ध्यानात कसं आलं नाही?

नवी चप्पल तिची. साफ छातीही तिचीच.

एवढं लिहिताना दोनदा खोकले. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "बाई, आता काऊन खोकलता? साफ हाय ना!"