आईच्या चवीची ओहागी

१८ सप्टेंबर
परवापासून पितरांचा आठवडा. यंदा आईच्या फोटोपुढच्या नैवेद्याची ओहागी मी करणार. आतला भाताचा लाडू कुणीही वळेल. कस लागतो तो वरच्या, चवळीसारख्या लाल दाण्यांच्या गोड पुरणाचा. लग्नाला चाळीस वर्षं झाली, दर वर्षी तामाएला सांगतो की बरं झालंय, पण आईची सर नाही. आज ती म्हणाली, मग अहो, एकदा करूनच दाखवा ना. दाखवतोच! किनुएताईला २३ला जेवायला बोलावलं. आईच्या हातचं खाल्लेली आता तीच उरलीय.

२० सप्टेंबर, सकाळी ७
दाणे शिजत टाकले. तामाए म्हणाली, पहिलं पाणी फेका, तुरट लागतं. फेकलं नाही. सगळं सत्त्व पाण्यातच असतं.

७.२०
साखर घातली. तामाए म्हणते, दाणे मऊ झाल्याशिवाय साखर घालत नाहीत. चौतीस वर्षं प्लॅनिंग खात्यात काढलेल्या माणसाला कामांचा क्रम आता ही शिकवणार.

११.००
दाणे कडक.

दुपारी ३
जास्तच कडक. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला.

५.३०
गॅस मोठा करून पाच मिनिटं टीव्हीवर सुमो कुस्ती बघायला बसलो. पुरण खाली लागलं. शेजारीण विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. करपलेलं नाही, खमंग आहे.

२२ सप्टेंबर
दुसरी खेप. साखर आधीच घातली. आता प्रश्न तत्त्वाचा आहे. परिणाम तोच. तामाएने शेजारच्या शेगडीवर तिचं पुरण केलं. राखीव म्हणून परवानगी दिली. तुलनेसाठी चार वाट्या खाल्ल्या.

२३ सप्टेंबर
ताईने माझी ओहागी चावली. कट्ट आवाज आला. बराच वेळ चावत राहिली, डोळे भरून आले. म्हणाली, अगदी आईचं रे. माझी छाती फुगली. मग म्हणाली, तेच कडक दाणे, तोच करपट वास. आईला पुरण कधी जमलंच नाही. तू गालात धरून अंगणात थुंकून यायचास आणि उरलेलं माझ्या ताटात सरकवायचास.

मी म्हणालो, इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, आईवेडं लेकरू, कशाला मन मोडायचं तुझं? आईपुढे तुझंच ठेव, तिला सवय आहे. आम्हाला तामाएचं वाढ.

वाढलं. मीही घेतलं. ताईने कोपर मारलं, तेव्हा चांगलं झालंय म्हणालो.

तामाए म्हणाली, चाळीस वर्षं असंच करतेय.