चिकूचा कोपरा

वेवजी, रविवार, मार्च २०१७

मुंबईच्या ड्रेसाज स्पर्धेत, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेतात त्यात, आमची घोडी शेवंती आज छान चालत होती. मग उजव्या कोपऱ्यात थांबली ती थांबलीच. टाच लावली, पण ढिम्म! मान वळवून, ओठ पुढे करून कुणाच्या तरी हाताची वाट बघत राहिली. घरच्या रिंगणात त्याच कोपऱ्यात चिकूचं झाड आहे. बाबा!

परतताना टेम्पोत बाबांना विचारलं, तर म्हणाले, "एखादाच देतो गं, सरावानंतर." वर्षभराची मेहनत एका चिकूपायी गेली. घरी गेल्यावर चांगलंच सुनवायचं ठरवलं.

घरी येऊन तिला मोकळं सोडलं, तर गेली थेट त्याच कोपऱ्यात. ओठ पुढे. बाबा तोंड लपवून घरात बसलेले. किती वेळ बघवणार? शेवटी झाडाखालचा एक पिकलेला चिकू मीच भरवला.

आता बाबांना कुठल्या तोंडाने बोलू?